वेग कमी दाखवतोय म्हणून पावडर वाढवायची नसते

जेल रोडच्या माझ्या जुन्या मित्राचा मुलगा आता ह्यूस्टनला स्थायिक आहे, तिथलाच नागरिक झालाय. त्याचा परवा मेसेज आला, तो आधी थोडक्यात देतो म्हणजे पुढचं कळेल. नवख्यांसाठी: राउंड म्हणजे अख्खं काडतूस, बुलेट म्हणजे त्यातली पुढची गोळी, ब्रास म्हणजे पितळी केस, ग्रेन हे वजनाचं माप, एफपीएस म्हणजे फूट प्रति सेकंद, क्रोनो म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, मॅन्युअल म्हणजे कुठल्या बुलेटला किती पावडर ते सांगणारं पुस्तक, आणि ॲप म्हणजे लांबच्या निशाणाला किती वर धरायचं ते काढून देणारं. "काका, .३३८ लापुआ मॅग्नमचे राउंड घरी भरतोय. ३०० ग्रेनची बुलेट, पावडर मॅन्युअलच्या कमाल आकड्याच्या एक ग्रेन खाली. मॅन्युअलप्रमाणे २७२० एफपीएस यायला पाहिजे, माझा क्रोनो २५६० दाखवतोय. दहा राउंडांत सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद यांत फरक फक्त २२ चा. ब्रास कोरी आहे, बॅरल २४ इंची, त्या दिवशी सकाळी ४-५ अंश थंडी होती. ॲपमध्ये २५६० टाकून ८०० यार्डावर मारलं तर गोळ्या वीतभर वर लागल्या, का ते कळलं नाही. पुढचे ४० राउंड दीड ग्रेन वाढवून भरलेत, रविवारी मारू का?"

नको मारूस.

कारण सांगतो, पण जरा फिरून सांगावं लागेल कारण तू जो प्रश्न विचारलायस त्याचं उत्तर तुझ्याच मेसेजमध्ये आहे आणि ते तू "का ते कळलं नाही" म्हणून सोडून दिलंयस.

त्याआधी इथल्या लोकांसाठी एक गोष्ट. हे नाशकात, नगरला, कुठेही आपल्याकडे वाचून कोणी घरी करायला जाऊ नये. आपल्याकडे १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळं लायसन्स लागतं, बंदुकीचं लायसन्स आहे म्हणून काडतुसं घरी भरता येत नाहीत. अमेरिकेत माणसं स्वतःच्या वापरासाठी गॅरेजमध्ये राउंड भरतात, तो तिकडचा रुळलेला छंद आहे, म्हणून तिकडच्याच हिशोबाने बोलतोय. मी स्वतः आठ वर्षं मुलीकडे कोलोराडोला ग्रीन कार्डावर होतो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर त्याच्या बेंचवर बसून शिकलो, आणि त्याच्या आधी तोफखान्यात २४ वर्षं, शेवटची देवळालीला. टीए, टेक्निकल असिस्टंट होतो, म्हणजे तोफ डागायची ती दुसऱ्यांनी, आकडे काढायचे आम्ही. त्यामुळे मझल व्हेलॉसिटी (नळीतून सुटतानाचा वेग) हा शब्द माझ्या कानात बायकोच्या हाकेपेक्षा जास्त वेळा पडलाय.

आता बघ. आपल्याकडे दिंडोरी-पिंपळगावच्या पट्ट्यात द्राक्षवाले असतात ना, त्यातला नवखा माणूस पान पिवळं दिसलं की युरिया मारतो. जुना माणूस आधी देठ परीक्षण करतो, मुळाशी पाणी साचलंय का बघतो, कारण पान पिवळं पडायला दहा कारणं असतात आणि नऊ वेळा युरियाने बाग बिघडतेच. कमी वेग म्हणजे ते पिवळं पान. तू थेट पोतं फोडलंस.

वेगाचा आकडा हा मुळात प्रेशरचा आडून दिसणारा परिणाम आहे. चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, किती प्रेशर तयार झालं, ते बुलेटच्या मागे किती लांबीपर्यंत टिकलं, यावर वेग ठरतो. घरी आपल्याकडे प्रेशर मोजायचं साधन नसतं, वेग मोजायचं असतं, म्हणून आपण वेगावरून प्रेशरचा अंदाज करतो. पण वेग कमी म्हणजे प्रेशर कमीच असेल असं नाही. २४ इंची बॅरलमध्ये पूर्ण प्रेशर होऊनसुद्धा वेग मॅन्युअलवाल्यांच्या २७ इंचीपेक्षा कमीच येणार, कारण गॅसला ढकलायला जागाच कमी मिळाली. अशा वेळी तू वेग गाठायला पावडर वाढवलीस तर वेग थोडा वाढेल, प्रेशर त्याच्या कितीतरी जास्त पटीत चढेल. लापुआ मॅग्नमची युरोपियन कमाल मर्यादाच ४२० मेगापास्कल आहे, म्हणजे हे काडतूस आधीच काठाला पोचलेलं आहे, वर फार जागा ठेवलेली नाही.

म्हणून पहिला प्रश्न कायम हा विचारायचा की चूक मोजण्यात आहे, राउंडमध्ये आहे, का बॅरलमध्ये. आणि याचा पहिला सुगावा आकडा किती कमी आहे यावरून लागत नाही, आकडे किती पसरलेत यावरून लागतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तुझे दहा राउंड २२ च्या आत आहेत. घरी भरलेल्या राउंडांसाठी हे चांगलं आहे, उगाच नाही म्हणत, मला एवढं यायला दोन वर्षं गेली होती. जर प्रायमर (केसच्या बुडातली पेटवणारी टिकली) नीट पेटवत नसता, नेकची (केसचं बुलेट धरणारं तोंड) पकड कमी-जास्त असती, वजनकाटा वाहत असता, पावडर काही ठिकाणी दमट झाली असती, तर आकडे ६०-८०-१०० असे विस्कटले असते. पसारा मोठा आणि सरासरी कमी म्हणजे राउंड भरण्यात गडबड. पसारा घट्ट आणि सगळेच्या सगळे सारखे कमी, म्हणजे असं काहीतरी आहे जे प्रत्येक राउंडला सारखंच लागू होतंय. बॅरलची लांबी. हवेचं तापमान. पावडरचा लॉट. ब्रास. किंवा मोजणारं यंत्र. तुझ्या प्रश्नातला निम्मा पसारा इथेच आवरला.

आता ते ८०० यार्डाचं. तू ॲपमध्ये २५६० टाकलेस, ॲपने त्या हिशोबाने किती वर धरायचं ते सांगितलं, तू तसं धरलंस आणि गोळ्या वीतभर वर लागल्या. म्हणजे गोळी ॲपच्या अपेक्षेपेक्षा कमी पडली. म्हणजे ती जलद होती! कागद खोटं बोलत नाही, यंत्र बोलू शकतं. तुझ्या बुलेटचं ८०० यार्डावरचं एकूण पडणं साधारण १८० इंच धर, वेग दोन टक्क्यांनी वाढला तर पडणं चार टक्क्यांनी कमी होतं, म्हणजे सात-आठ इंच. वीत म्हणजे साधारण तेवढंच. तेव्हा तुझा खरा वेग २५६० नाही, २६१० च्या आसपास असणार. (झीरो, म्हणजे जवळच्या अंतरावर स्कोप जुळवणं, पक्का आहे आणि स्कोपचे क्लिक खरे आहेत हे धरून, ते पुढे सांगतो.)

म्हणजे तुझा क्रोनो पन्नासेक एफपीएस खातोय. कसा खात असेल ते मी न बघता सांगू शकतो कारण मीपण हीच चूक केलीये. तू ऑप्टिकलवाला वापरतोस ना, दोन सेन्सर आणि वर पांढऱ्या पट्ट्या असलेला? तो कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर ठेवलास आणि रेंज उतारावर आहे, बरोबर? तो गोळीच्या वाटेला अगदी समांतर नसेल तर गोळी दोन सेन्सरांच्या मधून तिरकी जाते, तिरकं अंतर जास्त, वेळ जास्त लागतो, यंत्राला वाटतं गोळी मंद आहे. दहा अंशांचा तिरकेपणा झाला तरी दीड टक्का जातो, म्हणजे २६०० वर ४० एफपीएस. उतारावर दहा अंश पटकन लक्षात येत नाहीत. आणि जे घडी घालायचे क्रोनो असतात ते अर्धवट उघडले तर उलटं होतं, दोन सेन्सर जवळ आलेले असतात म्हणून वेग जास्त दाखवतो, ते तर आणखी वाईट कारण माणूस खूष होऊन घरी जातो. सेन्सरांमधलं अंतर २४ इंच असेल आणि त्यात पाव इंचाची चूक असेल तर तो एक टक्का झाला, म्हणजे आणखी २६ एफपीएस इकडे किंवा तिकडे.

त्यात तुझ्या रायफलला मझल ब्रेक आहे. लापुआ मॅग्नमचा धक्का आणि ब्रेकमधून बाजूला फेकला जाणारा गॅस, क्रोनो दहा फुटांवर असेल तर तो कधी गोळीला बघतो, कधी धक्क्याच्या लाटेला, कधी उडालेल्या पावडरच्या कणाला. १५ फुटांवर ने, जमलं तर त्याहून पुढे. तेवढ्या अंतरात गोळीचा वेग पाच-सात एफपीएसपेक्षा जास्त उतरत नाही, त्याची काळजी नको. सकाळची तिरपी उन्हं सेन्सरवर पडत असतील तरी आकडे बिघडतात, ढगाळ दिवशी ही यंत्रं सगळ्यात शहाणी असतात.

खरं सांगायचं तर आता २०२३ पासून ते खिशात मावणारं डॉप्लर रडार मिळतंय, बॅरलच्या बाजूला ठेवलं की झालं, ना पट्ट्या ना उन्हं. परवडत असेल तर घे. फक्त त्यात रायफलचा पर्याय निवडलाय का ते बघ, पिस्तुलाच्या पर्यायावर राहिलं आणि माणूस अर्धा दिवस डोकं खाजवत बसला असं मी पाहिलंय.

यंत्र तपासायचा सोपा उपाय म्हणजे माहीत असलेल्या गोळीने तपासणं. मी आता इथे नाशिक रोडला सकाळी पोरांना एअर रायफलला मदत करतो, १० मीटरवाली मॅच रायफल साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंदाने पेलेट टाकते आणि ती इतकी एकसारखी टाकते की यंत्रच बिघडलंय का हे पाच पेलेटमध्ये कळतं. तुझ्याकडे .२२ ची मॅच गोळी असेल, काही कंपन्या बॉक्सवर त्या लॉटचा वेग छापतातसुद्धा. लापुआ मारायच्या आधी पाच .२२ मार. तिथेच २-३ टक्के कमी दिसलं तर पावडरचा डबा उघडायचंच कारण नाही.

बाय द वे, वेग मोजण्याची ही भानगड नवीन नाही. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रजाने १७४० च्या दशकात लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगून त्यात गोळी मारली आणि ठोकळा किती मागे गेला यावरून वेग काढला. पुढे हाच माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून किल्ले दुरुस्त करायला मद्रासकडे आला आणि १७५१ मध्ये तिकडेच तापाने गेला. देवळालीला आमच्या एका साहेबांनी हे सांगितलं होतं, तेव्हा झोप येत होती, पण लक्षात राहिलं.

असो. यंत्राचे ५० गेले. २७२० आणि २५६० मधल्या १६० पैकी ११० उरले.

त्यातले सगळ्यात मोठे बॅरलचे. मॅन्युअलच्या पानावर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की त्यांनी कुठल्या बॅरलमध्ये, कुठल्या ब्रासमध्ये, कुठल्या प्रायमरने मोजलं. ते कोणी वाचत नाही. तू फोटो पाठवलायस त्यात स्पष्ट दिसतंय, टेस्ट बॅरल २७ इंच. तुझी २४. या जातीच्या मोठ्या काडतुसात जळायला हळू असलेली ९० च्या घरातली ग्रेन पावडर असते, ती बॅरलच्या शेवटापर्यंत ढकलत असते, त्यामुळे दर इंचाला ढोबळमानाने २० ते ३० एफपीएस जातात. तीन इंच म्हणजे ६० ते ९०. मधलं धर, ७५. हे पैसे बॅरल कापून घेतली त्या दिवशीच गेलेत, पावडरने परत येणार नाहीत.

उरले ३५. कोरी ब्रास पहिल्यांदा मारली की ती चेंबरच्या आकाराला फुगते, त्यात थोडी ताकद जाते, म्हणून पहिल्या फायरिंगला वेग जरा कमीच येतो आणि दुसऱ्या भरणीपासून वर सरकतो. किती ते चेंबर आणि ब्रासवर आहे, पण १५-२० गेले तर मला नवल वाटणार नाही. आणि थंडी. जुन्या पद्धतीच्या पावडरी फॅरनहाइटच्या एका अंशाला साधारण एक एफपीएस सोडतात, तापमान न मानणाऱ्या ज्या नव्या पावडरी आहेत त्या त्याच्या कितीतरी कमी. तू वापरतोस ती दुसऱ्या गटातली आहे. ७० फॅरनहाइटवरून ४० वर (म्हणजे तुझे ४-५ सेल्सिअस) आलास तर १०-१५ धर.

झालं की रे. ५०, ७५, २०, १५. एकशे साठ. अगदी पैशाला पैसा जुळायला नको, माझे आकडेही अंदाजाचेच आहेत, पण तुझ्या राउंडात कसलीही भूक नाही हे कळायला एवढं पुरे.

तोफखान्याचा विषय आला की मला नेहमी वाटतं की बंदूकवाल्यांनी थोडं तोफवाल्यांकडून शिकावं. एकाच बॅटरीतल्या सहा तोफा, एकाच लॉटचा दारूगोळा, तरी प्रत्येक तोफेचा वेग वेगळा. एक नवी, एक हजारो गोळे खाल्लेली, तिच्या रायफलिंगची सुरुवात झिजलेली. आम्ही झीज गेजने मोजायचो, पेट्यांमध्ये चार्जचं तापमान घ्यायचो. पाश्चात्त्य तक्ते चार्ज २१ अंशांना धरतात, रशियन तक्ते १५ ला, आणि आमच्याकडे १३० मिलिमीटरची रशियन पण होती आणि बोफोर्स पण, त्यामुळे कुठला तक्ता उघडलाय ते आधी बघावं लागायचं. मे महिन्यात देवळालीच्या रेंजवर चार्ज उन्हात राहिले तर गोळा पुढे पडणार हे पोरगंसुद्धा सांगायचं. पण २४ वर्षांत एकदाही असं झालं नाही की एखाद्या तोफेचा वेग कमी निघाला म्हणून कोणी चार्जमध्ये मूठभर पावडर जास्त घातली. तोफेचा खरा वेग मोजायचा, तो तक्त्यात लिहायचा, आणि कोन त्या हिशोबाने द्यायचा. बस. तुला हजार यार्डावर पत्रा वाजवायचाय ना, मग २७२० काय आणि २६१० काय, ॲपला खरं सांग, गोळी लागेल. खोटं सांगितलंस, म्हणजे २७२० टाकलेस, तर हजारावर दोन-अडीच फूट खाली बसेल.

आता तू सोडून इतर कोणाचा पसारा मोठा असेल किंवा कारण माझ्या वरच्या यादीत बसत नसेल तर काय बघायचं, तेही सांगतो, तुलाही पुढे कधी लागेल.

काटा आधी. डिजिटल काटा पंख्याच्या वाऱ्याने हलतो, थंड गॅरेजमध्ये चालू केल्या केल्या वाहतो, शेजारी मोबाईल ठेवला तर काही काटे बावचळतात. अर्धा तास आधी चालू ठेवायचा आणि दर दहा राउंडांनी चेकवेटने तपासायचा. या काडतुसात एक ग्रेनने २५-३० एफपीएस इकडे तिकडे होतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, चिमटीभर पण नाही.

प्रायमर. ९० ग्रेनच्या हळू पावडरीला मॅग्नम प्रायमरच लागतो, साध्याने ती नीट पेटत नाही, थंडीत तर नाहीच. बॅरलमध्ये न जळलेले पिवळट दाणे राहिले, आवाज उशिरा आल्यासारखा वाटला, आकडे विस्कटले, की इथे बघ. प्रायमर केसच्या बुडातल्या खाचेत पूर्ण बसला नसेल तर फायरिंग पिनची अर्धी ताकद त्याला आत बसवण्यातच जाते. जुन्या रायफलची स्प्रिंग थकलेली असते. आणि आवाज उशिरा आला, किंवा टिक झालं आणि काही झालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. अधीर माणसाचं हे काम नाही.

पावडर. ह्यूस्टनची हवा म्हणजे जुलैतली इगतपुरी. डबा सैल झाकणाने गॅरेजमध्ये राहिला तर पावडर ओल धरते, ओल धरलेली पावडर हळू जळते, वेग पडतो. याच्या उलट कोलोराडोला आमच्याकडे हवा इतकी कोरडी की पावडर मापायच्या यंत्राच्या हॉपरमध्ये चार दिवस राहिलेली पावडर सुकून जलद झाली आणि प्रायमर सपाट दिसायला लागले (प्रेशर चढल्याची खूण), तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लॉट बदलला की पण वेग बदलतो, कधी दोन-तीन टक्के. नवा डबा उघडला की खालून परत चढत यायचं, जुन्या आकड्यावर थेट उडी नाही. आणि हॉपरमध्ये नक्की कुठली पावडर उरलीये याची खात्री नसेल तर ती बागेत टाकायची, अंदाजाने परत डब्यात नाही. दोन वेगळ्या पावडरी डोळ्यांना सारख्याच दिसतात.

ब्रास वेगळ्या कंपनीची असली की आतली जागा वेगळी, जागा जास्त तर प्रेशर कमी, वेग कमी. बुलेटचं पण तसंच, ३०० ग्रेन आणि ३०० ग्रेन सारख्या नसतात, तांब्याची एकसंध आणि शिसं-जॅकेटवाली बॅरलला वेगळ्या घासतात. कोटिंग केलेली बुलेट कमी घासते म्हणून प्रेशर कमी, वेगही कमी. बुलेट रायफलिंगपासून किती मागे बसवली, चेंबर पुढे किती लांब कापलंय, हेसुद्धा यात येतं. हे सगळं लहान लहान आहे, पण तीन-चार एका बाजूला झुकली की शंभर एफपीएस होतात.

बॅरल. अगदी कोरी बॅरल पहिल्या शंभर-दोनशे राउंडांत थोडी जलद होते, तेव्हा पहिल्या दिवशीचा आकडा फार मनाला लावून घ्यायचा नाही. म्हातारी बॅरल थ्रोटपाशी, म्हणजे चेंबरच्या पुढे रायफलिंग सुरू होतं तिथे, खाऊन जाते, बुलेटला लांब उडी मारावी लागते, वेग हळूहळू उतरतो. लापुआ मॅग्नम बॅरल खाण्यात कंजूस नाही.

आणि हे नीट वाच, कारण इथेच माणसं बोटं गमावतात. वेग कमी आहे पण त्याच वेळी बोल्ट उघडायला जड जातोय, प्रायमर सपाट झालाय, केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा उमटलाय, तर तिथेच थांबायचं. याचा अर्थ प्रेशर वर आहे आणि वेग तरी येत नाहीये, म्हणजे मोजण्यात तरी चूक आहे, किंवा पावडर चुकीची आहे, किंवा नेकपुढे कार्बनचं कडं जमलंय. याला पावडर हा उपाय नाहीच. दुसऱ्या बाजूला केसच्या नेकवर आणि खांद्यावर काजळी आली असेल, प्रायमर गोलसर असेल, बोल्ट लोण्यासारखा उघडत असेल, तर प्रेशर खरंच कमी आहे, नेक फुगून चेंबरला चिकटलीच नाही म्हणून गॅस मागे आला. तेव्हा मॅन्युअलच्या मर्यादेत राहून वर जाता येतं, अर्ध्या ग्रेनच्या पायरीने. पण हळू पावडर मॅन्युअलच्या किमान आकड्याच्या खाली पण न्यायची नाही बरं का, अर्ध्या रिकाम्या केसमध्ये ती कधी कधी विचित्र पेटते आणि कमी पावडरीने रायफल फुटल्याची उदाहरणं आहेत. खूप लोकांना वाटतं कमी म्हणजे सुरक्षित. प्रत्येक वेळी नाही.

तुझ्या केसचे फोटो मी मोठे करून बघितले. नेकवर काजळी नाही, प्रायमरच्या कडा नीट आहेत पण अगदी गोल पण नाहीत. म्हणजे तू बरोब्बर जिथे असायला पाहिजे तिथे आहेस. यावर दीड ग्रेन म्हणजे तू कमाल आकड्याच्या अर्धा ग्रेन वर गेलास, आणि तेही थंडीत ठरवून. एप्रिलमध्ये ह्यूस्टनच्या उन्हात तेच राउंड गाडीच्या डिकीतून काढून मारशील तेव्हा ते आणखी चढलेले असतील. शिवाय ही ब्रास आता एकदा फायर झाली की पुढच्या वेळी स्वतःच थोडा वेग देणार आहे, तो तू हिशोबात धरलाच नव्हतास.

तर ते ४० राउंड. बुलेट उपसायला हातोड्यासारखा जो पुलर येतो तो घेऊ नकोस, ४० ला हात दुखेल आणि पावडर सांडेल, प्रेसवर बसणारा कॉलेट पुलर घे. बुलेट काढ, पावडर त्याच डब्यात परत जाऊ शकते कारण तुला नक्की माहीत आहे ती कुठली आहे, बेंचवर दुसरी काही नसेल तरच. प्रायमर लागलेली ब्रास तशीच वापरता येईल, प्रायमर बाहेर ठोकायच्या भानगडीत पडू नकोस. दोन संध्याकाळींचं काम आहे.

मग जुनाच चार्ज भर, जो २५६० दाखवत होता तोच, पण आता एकदा फायर झालेल्या ब्रासमध्ये. राउंडमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय कशामुळे झालं ते कधीच कळत नाही. रेंजवर क्रोनो १५ फुटांवर, लेव्हल लावून, बॅरलच्या रेषेत. बॅरल रिकामी असताना बोल्ट काढून नळीतून बघ की दोन्ही सेन्सरांच्या मधोमध नजर जाते का. आधी पाच .२२. मग दहा लापुआ, प्रत्येकीमध्ये मिनिटभर थांबून, राउंड सावलीत ठेवून, तापलेल्या चेंबरमध्ये राउंड भिजत ठेवायचा नाही. आणि क्लिकसाठी १०० यार्डावर उंच कागद लाव, खाली निशाण, पट्टीने बरोबर ३६ इंच वर रेघ मार. १०० यार्डावर १० मिल (मिल हे स्कोपचं कोनाचं माप) म्हणजे ३६ इंचच होतात, तेवढे क्लिक फिरवून खालच्याच निशाणावर धर आणि तीन गोळ्या मार. त्या रेघेवर बसल्या तर स्कोप खरा आणि वीतभराचं सगळं श्रेय क्रोनोच्या तिरकेपणाला. नाही बसल्या तर मला पुन्हा हिशोब करावा लागेल.

माझा अंदाज २६२० ते २६४०, ब्रासचा फायदा धरून. आकडे आले की फोटोसकट पाठव, इकडच्या वेळेनुसार सकाळी आठनंतर, त्याआधी मी रेंजवर असतो. आणि तुझ्या वडिलांना मी काही सांगितलेलं नाही, परवा बिटको चौकात भेटले होते तेव्हा म्हणत होते पोरगा हल्ली गॅरेजमध्ये फार वेळ असतो, काहीतरी सुतारकाम शिकतोय वाटतं.